दोग्यूच्या बाबांची बोटं

७ ऑक्टोबर २०१३, सोमवार. स्वच्छ ऊन.

घरखर्चाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. वाया जाऊ नयेत म्हणून इथे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

सकाळी मुळ्याचा पाला वाळत घालत होते आणि आत टीव्ही चालू होता. एक डॉक्टर बोलत होता. म्हणाला, पुरुषाची तर्जनी अनामिकेपेक्षा आखूड असेल तर प्रोस्टेटच्या दुखण्याचा धोका थोडा जास्त असू शकतो. "असू शकतो" हे त्यानं दोनदा म्हटलं. नुसत्या बोटांवरून काही ठरवू नका, पन्नाशीनंतर सगळ्यांनीच तपासून घ्या, असंही म्हणाला. मग बायकांचं निघालं. ज्यांची अनामिका लांब त्यांना गुडघ्याचा त्रास जास्त दिसतो म्हणे. मी हात पुसून बघितला. माझी अनामिका लांब आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. गुडघ्यांचं कारण आज कळलं.

आमच्या दोग्यूच्या बाबांचे थोरले भाऊ याच प्रोस्टेटच्या दुखण्यानं गेले. पाला तसाच टाकून मी विचार करत बसले, की ह्यांची कुठली बोटं लांब? चौतीस वर्षं संसार केला. ह्यांच्या सदऱ्याची मापं माहीत, सूपमध्ये मीठ किती ते माहीत, कुठल्या दाढेनं चावत नाहीत तेही माहीत. बोटांचं सांगता येईना.

१० ऑक्टोबर, गुरुवार. वारा.

गुरुवारी मी दिवसभर डोंगरावरच्या विहारात स्वयंपाकघराची सेवा करते. परत आले तेव्हा हे नुकतेच आले होते. गेल्या महिन्यापासून हेही गुरुवारी बाहेर असतात. गिर्यारोहण मंडळात जातो म्हणाले. बुटांना माती मात्र कधी नसते.

कोट झटकायला घेतला तर डाव्या खांद्यावर पांढरट वाळलेला डाग. नाकाशी नेला, आंबूस वास. ओकले असणार. आणि मला न सांगता पुसून टाकलं असणार.

कोट घासून धुतला. काही विचारलं नाही. आम्ही आता एकमेकांना फारसं विचारत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.

विहारात एकशे आठ नमस्कारांतले बासष्टच झाले. गुडघे वाकेनात. शेजारची चोंगदोवाली माझ्या मागे होती. ती चोंगदोहून लग्न होऊन या गल्लीत आली, तेव्हापासून तिला सगळे असंच म्हणतात. पायऱ्या उतरताना तिला बोटांचं सांगितलं.

"मग धर की त्यांचा हात आणि बघ."

"असा कसा धरू?"

"अगं बाई! नवऱ्याचा हात धरायला काय नगरपालिकेचा दाखला लागतो?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. माझा मेला तो हात धरून धरूनच मेला. तुझा जिवंत आहे तर तू दुरून मापं काढतेस."

हसले. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार. ढगाळ.

वहीत खोटं लिहून फायदा नाही म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी दोग्यूनं लग्न करायचं म्हणून एक मुलगी आणली. बोराम नाव. उल्सानला मोटारींच्या कारखान्यात तो रंगकामाला आहे, तिथल्याच कचेरीत ती होती. आम्ही चौघं मांस भाजून देणाऱ्या हॉटेलात बसलो. ती कात्रीनं मांसाचे तुकडे करून सगळ्यांना वाढत होती आणि मी तिची बोटं पाहत होते. अनामिका तर्जनीपेक्षा चांगली नखभर लांब.

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, तर्जनी घरची यजमान आणि अनामिका पाहुणी. पाहुण्यानं यजमानापेक्षा उंच असू नये. ज्या बाईच्या हाती पाहुणा उंच, तिचं नशीब कडक, ती नवऱ्याचं नशीब खाते. बाजारातल्या भविष्यवाल्यालाही मी विचारून आले. तोही तेच म्हणाला. मग मी नाही म्हणून सांगितलं.

दोग्यू शांतपणे म्हणाला, "आई, तू मुलगी बघायला आली होतीस की हातमोजे घ्यायला?"

त्यांनी उल्सानला लग्न केलं. आम्हाला बोलावलं होतं. मी गेले नाही, म्हणून हेही गेले नाहीत. त्या रात्री ह्यांनी आपलं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं.

माझ्या सासूबाईंनीही माझा हात पाहून तेच म्हटलं होतं, कडक नशीब. ह्यांचं शिक्के कोरायचं पहिलं दुकान जळालं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी सोसलं. आपल्या मुलाच्या वाट्याला तसलं काही येऊ नये एवढंच मी बघितलं. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळत नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार.

ह्यांचे पांढरे सुती हातमोजे आणून पट्टीनं मोजले. सगळी बोटं सरळ, डावं-उजवंसुद्धा नाही. ते हातमोजे कोणाच्याही हाताला बसतात. लग्नाचा फोटो काढून पाहिला, तर त्यातही हातमोजे. जेवताना पाहावं म्हटलं, तर चॉपस्टिकवर बोटं दुमडलेली. वर्तमानपत्र वाचताना कागदाआड.

आज ते म्हणाले, "काय बघतेस सारखी?"

"काही नाही. नखं वाढलीत."

नंतर लक्षात आलं, नखं तर वाढलेली नव्हतीच. शिक्के कोरताना दगड पेलायला म्हणून ह्यांनी चाळीस वर्षं अंगठ्याचं नख राखलं होतं. दुकान बंद केल्यावरही काढलं नव्हतं. ते मुळापासून कापून टाकलं आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. थंडी.

कोटाच्या खिशात ओल्या रुमालांचं पाकीट सापडलं, आणि औषधाच्या दुकानातल्या थर्मामीटरची रिकामी डबी. घरात थर्मामीटर आहे. मग हा दुसरा कशाला? कुठे ठेवला आहे? बाहीला पावडरचा वास. घामोळ्यांना लावतात तसली पावडर, या थंडीत.

सिगारेट सोडली आहे. चोंगदोवालीकडून कळलं. तिच्या दुकानातून दीड महिन्यात एकही पाकीट नेलं नाही. बासष्टाव्या वर्षी कोणी असं एकदम सोडतं का? डॉक्टरनं काहीतरी सांगितल्याशिवाय?

वजनही उतरलं आहे. पट्ट्याला नवं भोक पाडलं आहे.

एक गोष्ट जुळत नाही. काल अंगण झाडताना गुणगुणत होते. आजारी माणूस गुणगुणतो का? माझी आई म्हणायची, शेवटी शेवटी माणसाला हलकं वाटतं. हे आठवलं आणि मी नळाखाली हात धरून उभी राहिले.

७ नोव्हेंबर, गुरुवार.

आज मुलांची कॉलेजप्रवेशाची परीक्षा. विहारात आयांची गर्दी. प्रत्येकीच्या नमस्काराच्या उशीखाली मुलाचा फोटो, पेपराच्या वेळेप्रमाणे नमस्कार. गणिताच्या वेळी कोणी उठत नव्हतं. मी दोग्यूसाठी शंभर दिवस नमस्कार घातले होते, तेव्हा गुडघे असे नव्हते.

एका तरुण आईनं मला विचारलं, "आजी, तुमचं कोण बसलंय परीक्षेला?"

"कोणी नाही. घरच्या माणसाच्या तब्येतीसाठी."

आजी म्हणाली. वय दिसतंच की. तरी दिवसभर तो शब्द कानात राहिला.

२३ नोव्हेंबर, शनिवार. पाण्यावर पातळ बर्फ.

हिवाळ्याची किमची घातली. दोघांना कोबीचे आठ गड्डे पुरतात हे मला कळतं, तरी हात वीसच घेतो. ह्यांनी मुळे किसून दिले. दोघांच्याही हातांत कोपरापर्यंत लाल रबरी मोजे. बोटं आजही दिसायची नव्हती.

मसाला भरून झाल्यावर रीतीप्रमाणे आतलं कोवळं पान गुंडाळून मी ह्यांच्या तोंडासमोर धरलं. ह्यांनी तोंड उघडलं, खाल्लं. मिठाला बरोबर आहे म्हणाले. मग ह्यांनी एक पान गुंडाळून माझ्यासमोर धरलं. तीन वर्षांत प्रथमच. फार तिखट होतं म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

दरवर्षी मी कालवं घातलेली एक बरणी दोग्यूची म्हणून बाजूला ठेवते. ती वसंतापर्यंत तशीच राहते, मग मी वाटून टाकते. यंदाची बरणी संध्याकाळी दिसली नाही.

"मंडळातल्या लोकांना देतो म्हटलं," हे म्हणाले.

"तीच का? दुसऱ्या होत्या की!"

"तीच चांगली होती."

माझ्या मुलाच्या नावाची बरणी डोंगर चढणाऱ्या परक्या लोकांना.  आज माझ्या खोलीच्या जमिनीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडलं नाही. एकटीसाठी कशाला जमीन तापवायची? ह्यांच्या खोलीत सोडलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज विचारलंच. सकाळी जेवणाच्या टेबलावर पट्टी ठेवली.

"अहो, हात द्या जरा. उजवा."

"कशाला?"

टीव्हीवरचं सगळं सांगितलं. थोरल्या भावजींचं नाव काढलं. ओकारीचं, थर्मामीटरचं, सिगारेटचंही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. "माझ्यापासून लपवता? मरणार असाल तर निदान मला सांगून तरी मरा!"

ह्यांनी पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे. वाटलं हसतील, हसले नाहीत.

"दोग्यूच्या आई," म्हणाले, "तू पट्टी काढलीस की मला भीती वाटते. मागच्या वेळी तू बोटं मोजलीस तेव्हा या टेबलावरचं एक माणूस कमी झालं."

आणि हात टेबलाखाली घेतला.

मग म्हणाले, "एप्रिलमध्ये तपासून घेतलंय. रक्त, सगळं. काही नाही मला."

"कोणाबरोबर गेला होतात?"

हे उठले. भांडी स्वतः घासून ठेवली.

खरं असेल का? मला बरं वाटायला हवं. पण एवढं मोठं काम ह्यांनी केलं आणि मला पत्ता नाही, हेच दिवसभर डाचतं आहे. ह्यांना आजार असावा असं तर मला वाटत नव्हतं ना? आजारी माणसाला बायको लागते. बुद्धा, असलं मनात आणल्याबद्दल क्षमा कर.

१२ डिसेंबर, गुरुवार. बर्फ भुरभुरला.

रात्र झाली आहे, तरी आजचं आजच लिहिते.

विहारातून आले तर हे टेबलाशी बसले होते, अंगातला कोट काढलेला नव्हता. समोर फडक्यात बांधलेली एक ताटली. फडकं सोडलं तर तांदळाचा पांढराशुभ्र वाफवलेला केक, अजून कोमट. असा केक एकाच कारणानं येतो. मूल जन्मून शंभर दिवस झाले की.

"मंडळातल्या कोणाचं नातवंड?" मी विचारलं.

ह्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक जाड कागद काढला, उलगडला आणि माझ्यापुढे सरकवला. त्यावर ह्यांच्या शिक्क्याच्या शाईचा लाल ठसा. आधी मला वाटलं, शाई सांडली आहे. मग खाली एक इवलासा अंगठा दिसला.

पट्टी ह्यांनीच खणातून काढली आणि माझ्या हाताशी ठेवली.

"मोज."

मी चष्मा लावला. खरंच मोजायला गेले, खोटं कशाला लिहू! पण मोजायचं काय? चारही बोटं मिळून एक लाल गोळा. कुठली तर्जनी, कुठली अनामिका, कळेना. कागद उजेडाकडे धरला, फिरवून धरला.

"मूठ सोडतच नाही ती," हे म्हणाले. "तिघांनी धरली तरी नाही. दोग्यूनं गुदगुल्या केल्या, बोरामनं गाणं म्हटलं. उलट माझ्याच सदऱ्याला शाई फासली."

मी ह्यांच्या सदऱ्याकडे बघितलं. छातीवर लाल फराटे होते.

"मुलगी?"

"दाओन नाव ठेवलंय."

मग मला कोट आठवला. तो मी तीनदा घासून धुतला होता.

"जमत नाही ना मोजायला?" ह्यांचा आवाज मी इतका कडू कधी ऐकला नव्हता. "मग आता न मोजताच सांग. घरात घ्यायची, की हिलाही परत पाठवायचं?"

 मी विचारलं ते भलतंच. "केक तुम्ही मागून आणलात ना? माझ्यासाठी?"

"मी मागितला नाही. शंभर घरी वाटायचा म्हणून बोरामनं ताटल्या मांडल्या होत्या. पहिली भरली आणि माझ्या हातात दिली. आईंना, म्हणाली. एवढंच."

केकचा तुकडा तोंडात घातला.  हे समोर बसून राहिले. आज स्वतःच्या खोलीत लवकर गेले नाहीत.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

सकाळी सवयीनं ताटली नळाखाली नेली. पाणी सोडणार, एवढ्यात चोंगदोवाली दारातूनच ओरडली. दूध घालायला आली होती.

"अगं ए! शंभर दिवसांची ताटली धुतेस? पोरीचं आयुष्य धुऊन काढशील! ती न धुता परत करायची, आणि रिकामी नाही. विसरलीस?"

"विसरले नव्हते. हात गेला."

"कोणाची आहे?"

"माझ्या नातीची."

तिनं दुधाची पिशवी खाली ठेवली.  मग म्हणाली, "हरामखोर बाई, मला आज सांगतेस?"

"मलाच काल कळलं."

बाजारात जाऊन पांढऱ्या सुताची लड आणली, लांब आयुष्याची. छोटी होती, मोठी होती. सगळ्यांत मोठी घेतली.

हे म्हणाले, "दे, पुढच्या गुरुवारी नेतो."

मी लड ताटलीत ठेवली, फडकं बांधलं. गाठ नीट बसेना. "नको," म्हटलं. "ताटली ज्याच्या घरी येते त्यानं परत करायची असते."

"तिनं दार उघडलं नाही तर?"

"तर दारात ठेवून येईन."

१५ डिसेंबर, रविवार. उल्सान. ऊन, पण गार.

बसमध्ये ताटली मांडीवर धरली होती. हे खिडकीशी होते. वळणावर माझा तोल जायचा तेव्हा ह्यांनी ताटलीखाली हात धरला. बोटं समोरच होती. तर्जनी आखूड आहे, अनामिका लांब. बघितलं आणि पुढचं वळण कधी येतं त्याची वाट पाहिली.

चौथा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यांनी साथ सोडली. "मी वर जाऊन दोग्यूला पाठवतो," हे म्हणाले. मी नको म्हटलं. एका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढले.

घंटा ह्यांनी वाजवली. दोग्यू घरात नव्हता, दूध आणायला खाली गेला होता. बोरामनं दार उघडलं. कडेवर मूल. मला बघून ती एक पाऊल मागे सरकली. बारीक झाली आहे. मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना. दोन्ही हातांनी ताटली पुढे केली आणि माझी नजर गेली. नको नको म्हणता तिच्या बोटांवरच गेली.

तिनं ते पाहिलं.

"मोजायचं असेल तर आत येऊन मोजा, आई," ती म्हणाली. "दारातून वारा येतो बाळाला."

तिनं ताटली घेतली. बोटांची टोकं चिरली होती, दोन ठिकाणी रक्त आलेलं. गार पाण्यात लंगोट धुवून होतं तसं. माझीही झाली होती. कुठलं बोट लांब ते पाहायचं मी विसरले. नंतर आठवलं, तेव्हा पुन्हा बघावंसं वाटलं नाही.

"मलम लावतेस का?" माझ्या तोंडून निघालं.

"वेळ कुठे असतो?"

"माझ्याकडे आहे. वेळ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. हे बुटाची नाडी सोडत बसले होते. सुटलेलीच होती.

"धरा," ती म्हणाली आणि मूल माझ्या हातांत दिलं. "गॅसवर सूप आहे, बंद करून येते."

मूल जड होतं. मान माझ्या डाव्या खांद्याला लागली, दुधाचा तोच आंबूस वास. मूठ आवळलेली होती, मी उघडायला गेले नाही. हे भिंतीला टेकून उभे होते. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही, काही नाही.

चौतीस वर्षं स्वयंपाक केला आहे. गॅस बंद करायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. बोराम बराच वेळ बाहेर आली नाही.